तोरणमाळचं आकाशदर्शन पॅकेज : पैसे वसूल, पण पोस्टरवरच्या कारणाने नाही

अमावास्येच्या विकेंडला तोरणमाळला एका होमस्टेचं आकाशदर्शन पॅकेज केलं. माणशी 1800 रुपये, त्यात टेंट, रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे-चहा आणि व्हॉट्सअपच्या पोस्टरवर ठळक अक्षरात "ग्रह जन्माला येताना बघा". नाव इथे टाकत नाही, पाहिजे असेल त्यांनी मेसेज करा.

आधी तेच क्लिअर करतो. ग्रह जन्मताना तिथे काही दिसत नाही भो, दिसूच शकत नाही. आठ इंची दुर्बीण आहे, गुरू आणि त्याचे चंद्र झकास दिसले, मृगातला तेजोमेघ राखाडी धूर दिसला, आणि लाईनीत लहान पोरं असल्यामुळे आपला नंबर येईपर्यंत काचेवर दव. पोस्टरवरचं वाक्य त्यांनी काढावं, उगाच लोक भांडतात, आमच्या बॅचला भांडलेच.

पण जेवणानंतरचं सेशन! पीएचडी करणारा एक पोरगा सुट्टीत घरी आलेला, त्याने पांढऱ्या चादरीवर प्रोजेक्टर लावून नुसते ग्राफ दाखवले आणि तरी कोणी उठलं नाही. मुद्दा असा की तरुण ताऱ्याभोवती धूळ-गॅसची तबकडी फिरत असते, ग्रह त्यातूनच बनतात, आणि आपल्या पृथ्वीसारखे खडकाळ ग्रह जिथे बनतात तो ताऱ्याजवळचा भाग काहीशे डिग्री गरम असल्यामुळे तिथला गॅस इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या प्रकाशात चमकतो. प्रत्येक रेणूची त्या प्रकाशातली जागा, म्हणजे तरंगलांबी ठरलेली, अ‍ॅसिटिलीन 13.7 मायक्रॉनला (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), हायड्रोजन सायनाइड 14 ला, कार्बन डायऑक्साइड 15 च्या अलीकडे. जमिनीवरून हे नीट जमत नाही कारण आपल्याच हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तो प्रकाश गिळतात, वर हवा आणि दुर्बीण स्वतःच इन्फ्रारेडमध्ये उजळत असतात. म्हणून अंतराळात, आणि तेही गारठवून. जेम्स वेब या अंतराळ दुर्बिणीवरचं मिरी नावाचं इन्फ्रारेड यंत्र 7 केल्विनच्या खाली ठेवतात, म्हणजे उणे 266 डिग्री, आणि आम्ही इकडे तोरणमाळच्या थंडीत दोन गोधड्या घेऊन बसलेलो.

मग त्याने लेझर रोहिणीच्या वरच्या बाजूला धरला, म्हणे इथे एए टॉरी नावाचा तारा आहे, नुसत्या डोळ्यांनी दिसणार नाही. 2008 मध्ये वेबच्या आधीच्या स्पिट्झर या अंतराळ दुर्बिणीतून त्याच्या तबकडीत पाण्याची वाफ आणि हे सगळे रेणू सापडले. स्पिट्झरचा आरसा 85 सेंटीमीटरचा, वेबचा साडेसहा मीटरचा. दोघांचे ग्राफ एकाखाली एक लावले तेव्हा स्पिट्झरला जिथे एक जाड उंचवटा होता तिथे वेबला सुट्या सुट्या रेषा, आणि ह्या रेषांवरून गॅस किती गरम, किती प्रमाणात हे काढता येतं. माझ्या मते अख्ख्या पॅकेजचा बेस्ट स्लाइड हाच.

पण लोकांना चढली ती पुढची गोष्ट. आयएसओ-सीएचए-आय 147 अशा नंबरप्लेटसारख्या नावाचा एक तारा, वजनाने सूर्याच्या जेमतेम नवव्या हिश्शाचा, त्याच्या तबकडीत वेबला 2024 मध्ये 13 कार्बनवाले रेणू दिसले, त्यात बेंझीन, इथेन, इथिलीन. इथिलीन म्हटल्यावर सावद्याचे एक केळीवाले काका ताडकन बोलले, "अरे हा तर आमच्या रायपनिंग चेंबरचा गॅस!" तोच. आणि कार्बाइडच्या पुडीतून निघतो तो अ‍ॅसिटिलीन, जो फळं पिकवायला बंद आहे, तोही तिथे आहेच. त्यानंतर अर्धा तास रसायनशास्त्र आणि केळीचा भाव एकत्र चालला, कोणाला काही खटकलं नाही. असल्या छोट्या ताऱ्याजवळ पाण्याच्या खुणा जवळपास नाहीत आणि कार्बनच कार्बन, हे का याच्यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, एक विचार असा की बर्फाळ खडे लवकर आत सरकतात, त्यांच्यातला ऑक्सिजन ताऱ्यात जातो आणि मागे कार्बनवाला गॅस उरतो. बाकी हा तारा आपल्या खान्देशातून कधीच उगवत नाही, पार दक्षिणेला आहे, हे पोराने प्रामाणिकपणे सांगितलं.

शिरपूरकडच्या एका आजोबांनी पीडीएस 70 या दुसऱ्या एका तरुण ताऱ्याची स्लाइड बघून विचारलं, "मंग ते पानी पेवानं शे का भाऊ?" 2023 मध्ये त्याच्या तबकडीत पाण्याची वाफ सापडली, जिथे खडकाळ ग्रह होऊ शकतात त्या पट्ट्यात, पण जवळपास 330 डिग्री गरम. पोरगा हसला नाही, नीट समजावलं, हे मला आवडलं.

कमी काय तर स्लाइड सगळ्या इंग्रजीत, माईक नाही, मागच्यांना ऐकू येत नव्हतं. टेंट ठीक. गरम पाणी सकाळी सहाला संपलं. जेवणात भरीत आणि कळण्याची भाकरी, भरिताला मिरची कमी पण वांगी भाजलेली खरी, गॅसवरची नाही.

पाचपैकी चार. लहान पोरं असतील तर दुर्बिणीचा नंबर जेवणाआधीच लावा, आणि बुक करताना फोनवर विचारून घ्या की तो पीएचडीवाला येणार आहे का, नसेल तर 1800 जास्त आहेत. शहाद्याहून दुपारीच निघा, घाटात अंधार पडला की अवघड होतं.