मिग-२१ चा टो-बार, नागपुरातच छापलेला

वीस वर्षं एअरफोर्समध्ये विमानाच्या पोटाखाली काढली. त्यामुळे कुणी कौतुकानं जेटचं मॉडेल दाखवलं की माझी नजर आधी चाकांवर जाते. चॉक, म्हणजे चाकांना लावायचे अडसर, नाहीत? मग हे उभं कशाच्या भरवशावर आहे बाप्पा!

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला एअरफोर्सनं मिग-२१ या लढाऊ विमानाला निरोप दिला, त्या रात्री माळ्यावरचं त्याच्या मॉडेलचं १/७२ मापाचं किट खाली काढलं. मिग झालं, पण भोवती काहीच नाही. सदरमधला एक पोट्टा घरी रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवर सुटे भाग छापून देतो असं कळलं. टो-बार (विमान ओढायचा दांडा), चॉकच्या दोन जोड्या, शिडी आणि विमानाला वीज देणारी पॉवर ट्रॉली, सगळं मिळून ६५० रुपये.

टो-बार पाहून मात्र मी खूश. पुढच्या चाकाला धरणारं तोंड नीट आहे, आणि शिअर पिनचा बारीक उंचवटासुद्धा त्यानं सोडलेला नाही. ट्रॅक्टरवाल्यानं वेडावाकडा झटका दिला तर ही पिन तुटते आणि विमानाचा पाय वाचतो. पिन तुटली की शिव्या कोण खायचं, ते विचारू नका.

पार्सल आलं तेव्हा पारा ४४ वर होता आणि डबा दुपारभर कुणाच्या तरी बॅगेत शिजला असावा. टो-बारचं धनुष्य झालं होतं. गरम पाण्यात बुडवला, काचेवर सरळ दाबून धरला, वरून गार पाणी ओतलं. आता सरळ आहे.

शिडी बाद. खरी नळी २५ मिलिमीटरची धरली तर या मापात ती ०.३५ मिलिमीटर व्हायला हवी. यानं छापली ०.८ ची, म्हणजे प्रत्यक्षात जवळपास ५८ मिलिमीटर. पायलट बांबूवर चढतोय असं वाटतं. पोट्टा म्हणाला, "काका, त्याहून बारीक छापली तर सपोर्ट काढतानाच तुटते." सपोर्ट म्हणजे छापताना भागाला लावलेले टेकू. बरोबर आहे त्याचं. मी मोटार वाइंडिंगवाल्याकडून २८ गेजची तांब्याची तार आणली आणि शिडी डाग देऊन घरीच केली. दोन संध्याकाळी गेल्या, बोट भाजलं ते वेगळं.

चॉक उत्तम. दोरी मात्र आपली आपण लावायची. शिवणाचा दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्या, नाहीतर त्याचे तंतू या मापात काथ्यासारखे दिसतात.

ट्रॉलीची चाकं गोल आहेत, पण केबल नाही. २८ व्होल्टची केबल विमानाला लागलेली नसेल तर ट्रॉली तिथं उभी कशाला? मी काळ्या इन्सुलेशनची बारीक वायर जोडली. रंग पिवळा दिला, वरून उन्हानं उडाल्यासारखा थोडा पांढरा फिरवला. खाली तेलाचे डाग काळे नाही, लालसर टाकले. रशियन हायड्रॉलिक तेल एएमजी-१० लालच असतं.

मिगचे पंख १/७२ मध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम १० सेंटीमीटर. पण आता बघणारा आधी चॉकच्या दोरीला बोट लावतो.

ब्रेक पॅराशूटच्या (उतरताना विमानाचा वेग कमी करणाऱ्या छत्रीच्या) ट्रॉलीचीही ऑर्डर देऊन ठेवली आहे. पाठवू नको म्हटलं, सदरला मीच येऊन घेऊन जाईन, सकाळी आठच्या आत.