फॉर्म ४८६८: अमेरिकेच्या रिटर्नची मुदतवाढ, ठाण्यातून घेतलेली

अमेरिकेचं रिटर्न भरावं लागत असेल आणि मुक्काम भारतात असेल, तर फॉर्म ४८६८ बिनधास्त घ्या. फक्त तो भरला म्हणजे सुटलो असं समजू नका. तिकडचा आयकर विभाग, म्हणजे आयआरएस, मुदत वाढवून देतो ती रिटर्नची, पैशाची नाही. कर १५ एप्रिललाच टेकवायचा. त्याचा सविस्तर हिशेब मात्र १५ ऑक्टोबरपर्यंत दिला तरी चालतो. २०२४ सालच्या रिटर्नसाठी हे अख्खं चक्र ठाण्यात बसून पार पाडलं आणि २०२५ च्या दिवाळीचा फराळ संपल्यावर हे लिहायला घेतलंय.

आमची परिस्थिती सांगते, म्हणजे हे तुमच्या कामाचं आहे की नाही ते ठरवता येईल. आम्ही दोघं अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डावर (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) २०२३ मध्ये न्यू जर्सीहून परत आलो. घर घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीला. अमेरिकेचा नागरिक जगाच्या पाठीवर कुठेही राहिला तरी तिकडचं रिटर्न त्याला चुकत नाही. त्यामुळे इथला पगार, इथल्या एफडीचं व्याज आणि तिकडच्या शेअर्सचा डिव्हिडंड, सगळं फॉर्म १०४० मध्ये, म्हणजे तिकडच्या रिटर्नच्या मुख्य फॉर्ममध्ये जातं. इथे भरलेला कर तिकडच्या करातून वजा होतो, त्याचा फॉर्म १११६. सगळी मेख या १११६ मध्ये आहे.

अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. म्हणजे त्यांच्या एका वर्षात आपली दोन वर्षं अर्धवट येतात. २०२४ चे पहिले तीन महिने आपल्या २०२३-२४ मधले, उरलेले नऊ २०२४-२५ मधले. त्या नऊ महिन्यांवर भारतात नक्की किती कर बसला हे इथलं रिटर्न तयार झाल्याशिवाय समजत नाही. फॉर्म १६, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा कंपनीचा दाखला, हातात येतो जूनच्या मध्यावर. जानेवारी-मार्च तिमाहीचा टीडीएस २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा कराच्या सरकारी उताऱ्यात) नीट दिसायलाही जून उजाडतो. मग १५ एप्रिलला १०४० पूर्ण करायचा तो कशाच्या जोरावर? अंदाजाने भरून नंतर दुरुस्त करणारे लोक माहीत आहेत मला. एका कामाची दोन कामं करायची हौस असेल तर जरूर करा.

या दोन वर्षांच्या गुंत्याचा खरा अनुभव बँकेत येतो. एफडीच्या व्याजाचा दाखला मागायला शाखेत गेले. काउंटरवरच्या मॅडमनी लगेच प्रिंट काढून दिला, एप्रिल ते मार्चचा. म्हटलं, मला जानेवारी ते डिसेंबरचा हवाय.

"मॅडम, वर्ष एप्रिलला सुरू होतं ना?"

"आपलं हो. हा अमेरिकेच्या टॅक्ससाठी हवाय."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. आर्थिक वर्ष निवडायची यादी होती, तारखा टाकायची सोयच नव्हती. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. दोन्ही वर्षांचं खात्याचं स्टेटमेंट काढून दिलं, व्याज जमा झालेल्या ओळींवर पेन्सिलने टिका मारल्या आणि म्हणाल्या, "बेरीज तुम्ही करा, शिक्का मी मारते." कॅलेंडर वर्षाचा दाखला एखादी बँक ऑनलाइन देत असेलही. आमच्या शाखेत तरी तो असा पेन्सिलीचा निघाला. हे काम एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात करायला जाऊ नका. मार्चअखेरीच्या रगाड्यातून बँकवाले अजून बाहेर आलेले नसतात.

प्रत्यक्ष फॉर्म मात्र अगदीच किरकोळ आहे. नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर, मग चार आकडे: एकूण कर किती होईल याचा अंदाज, आतापर्यंत किती भरला, बाकी किती, आत्ता किती भरताय. कारण कुणी विचारत नाही. आजारपण, स्थलांतर, कागद हरवले, काहीही सांगावं लागत नाही. आयआरएसच्या फ्री फाइल या ऑनलाइन सोयीतून तो फुकट जातो आणि त्याला उत्पन्नाची मर्यादाही नाही. आठव्या ओळीत देशाबाहेर असल्याची चौकट आहे, तिच्यावर खूण करायला विसरू नका. एक मात्र आहे, कराचा अंदाज प्रामाणिक हवा. शून्य टाकून मोकळं व्हायचं आणि पुढे हजारो डॉलर निघाले, तर मुदतवाढच रद्द ठरू शकते. मी आदल्या वर्षीचं रिटर्न समोर ठेवलं, पगार आणि व्याजाचे नवे आकडे घातले आणि आलेल्या रकमेच्या थोडं वरच भरलं. जास्तीचे परत मिळतातच.

फॉर्म न भरताही मुदतवाढ मिळते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आयआरएसच्या डायरेक्ट पे या ऑनलाइन सोयीवर पैसे भरताना कारण 'एक्स्टेन्शन' निवडायचं आणि वर्ष २०२४. पैसे गेले की मुदतवाढ झाली, ४८६८ वेगळा पाठवायची गरज नाही. मी हाच रस्ता धरला. अट एकच, अमेरिकेतलं बँक खातं लागतं. परत येताना तिकडचं एखादं खातं चालू ठेवा असं मी सगळ्यांना सांगते ते याचसाठी. ओळख पटवायला मागच्या एखाद्या वर्षाच्या रिटर्नवरचा पत्ता जसाच्या तसा टाकावा लागतो. आमचा ठाण्याचा पत्ता म्हणजे बिल्डिंग, फेज, विंग, अमुकच्या मागे, तमुकच्या समोर. तो आपण मागच्या वेळी नक्की कसा लिहिला होता हे कुणाला आठवतंय? २०२२ चं वर्ष निवडलं आणि न्यू जर्सीचा दोन ओळींचा पत्ता टाकला. चटकन काम झालं.

परदेशात राहणाऱ्यांना अर्ज न करताही दोन महिने जादा मिळतात, १५ जूनपर्यंत. २०२५ मध्ये १५ जून रविवारी आला म्हणून १६ पर्यंत. पण जूनच्या मध्याला आपल्याकडे जेमतेम फॉर्म १६ आलेला असतो. आम्हाला त्या दोन महिन्यांचा उपयोग शून्य. शिवाय व्याज तेव्हाही १५ एप्रिलपासूनच लागतं.

पैशाचं बोलू. माझ्या दिरांनी फोनवर विचारलं, "वहिनी, सहा महिने मिळाले म्हणजे पैसे पण ऑक्टोबरातच ना?" तेही तिकडून परत यायच्या विचारात आहेत. त्यांना हिशेबच करून दाखवला. समजा हजार डॉलर कर बाकी आहे आणि तुम्ही ऑक्टोबरच्या मध्यावर उगवलात. मुदतवाढ घेतली नव्हती तर रिटर्न उशिरा दिल्याचा दंड महिन्याला ५ टक्के. परदेशात आहात म्हणून तो १५ जूनपासून मोजला तरी चार महिन्यांचे २०० डॉलर. मुदतवाढ घेतली होती पण पैसे भरले नव्हते, तर फक्त पैसे थकवल्याचा दंड, महिन्याला अर्धा टक्का. म्हणजे चार महिन्यांचे २० डॉलर. व्याज दोन्हीकडे वेगळं, २०२५ मध्ये वर्षाला ७ टक्के आणि तेही रोज चक्रवाढ. एप्रिलमध्येच कराचे निदान ९० टक्के भरले आणि उरलेले रिटर्नबरोबर दिले, तर तो अर्ध्या टक्क्याचा दंडही बसत नाही, राहतं फक्त उरलेल्या रकमेवरचं व्याज. दीर म्हणाले, "म्हणजे फॉर्म फुकटचा, पण फायदा पैसे भरणाऱ्याचा." अगदी तसंच.

वेळेच्या फरकाबद्दल ऐरोलीच्या ऑफिसात एकाने छातीठोकपणे सांगितलं होतं की आपल्याकडे १६ तारखेची सकाळ उजाडली तरी न्यूयॉर्कात १५ च असते, तेव्हा निवांत भर. नियम तसा नाही. रिटर्न ऑनलाइन भरताना करदाता जिथे आहे तिथलं घड्याळ धरतात. ठाण्यातली १५ तारीख संपली की संपली.

आपल्याकडे अशी सोय नाही, हे या निमित्ताने पुन्हा जाणवलं. भारतात एकट्यादुकट्याला अर्ज करून रिटर्नची तारीख पुढे ढकलता येत नाही. सीबीडीटीने, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने वाढवली तर सगळ्यांचीच वाढते. २०२५ मध्ये तेच झालं: ३१ जुलैची तारीख १५ सप्टेंबर झाली आणि अगदी शेवटी आणखी एक दिवस देऊन १६. ती हुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत विलंबित रिटर्न भरता येतं, पण उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तर ५,००० रुपये शुल्क, कर बाकी असेल तर महिन्याला एक टक्का व्याज, आणि पगारदाराला जुनी कररचना निवडता येत नाही. मला विचाराल तर तिकडची पद्धत जास्त सभ्य वाटते. उशीर होणार हे आधी सांगितलं, पैसे भरले, विषय संपला. इथे सीएंच्या संघटना निवेदनं देतात आणि आपण जुलैभर आज जाहीर होईल, उद्या जाहीर होईल करत मोबाईल बघत बसतो.

अर्थात इथली तारीख पुढे गेल्याने माझं तिकडचं वेळापत्रक आवळलं गेलं. आमच्या नौपाड्यातल्या सीए काकांनी निवांतपणे ऑगस्ट गणपतीच्या तयारीला सोडून दिला आणि अनंत चतुर्दशीनंतर कामाला हात घातला. इथलं रिटर्न सप्टेंबरच्या पंधरवड्यात गेलं, मग नवरात्रात १११६. काका आयटीआरमध्ये वाघ, पण १०४० त्यांचा प्रांत नाही. आणि तिकडच्या एन्रोल्ड एजंटला (आयआरएसचा परवाना असलेल्या कर सल्लागाराला) फॉर्म १६ म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागतं. मधला दुभाषा तुम्हालाच व्हावं लागतं. पगाराच्या स्लिपा महिन्यावार एका एक्सेलमध्ये टाकून ठेवल्या होत्या, त्यावर सगळं निभावलं. रुपयांचे डॉलर करायला आयआरएस वर्षाचा सरासरी दर देतं, तो सगळीकडे एकच वापरा.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिकडे सरकारी शटडाऊन सुरू झाला आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तारीख पुढे जाणार अशी हवा उठली. गेली नाही. १५ ऑक्टोबर ती १५ ऑक्टोबरच राहिली. आमचं दसऱ्यानंतर लगेच गेलं होतं, त्यामुळे ती गंमत लांबून बघता आली.

न आवडलेलं एकच. मुदतवाढ मंजूर झाल्याचं पत्र येत नाही. नाकारली तरच कळवतात. पैशाचा कन्फर्मेशन नंबर मिळतो, तोच पुरावा. त्याची पीडीएफ करून ठेवा आणि १०४० भरताना एप्रिलमध्ये भरलेली रक्कम योग्य रकान्यात दाखवा, नाहीतर आपलेच पैसे आपण विसरून बसू. पाचपैकी चार तारे, एक या मुखस्तंभपणाचा कापला.

एफबारचा, म्हणजे अमेरिकेबाहेरच्या बँक खात्यांची माहिती देणाऱ्या फॉर्मचा, या सगळ्याशी संबंध नाही, तो वेगळ्या सरकारी खात्याकडे जातो. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांमधली शिल्लक मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की तो भरायचा. त्याचीही तारीख १५ एप्रिल, पण ऑक्टोबरपर्यंतची मुदतवाढ आपोआप मिळते, अर्ज नको. हे लहान मुलांनाही लागू आहे. आमच्या मुलाच्या नावावर आजोबांनी कौतुकाने ठेवत आणलेल्या एफडी मिळून मर्यादेच्या वर गेल्या, आणि आठवीतल्या पोराचा स्वतंत्र एफबार आम्हाला भरावा लागला. आजोबांना हे कळल्यावर त्यांनी पुढची एफडी स्वतःच्याच नावावर केली आणि नातवाला सायकल घेऊन दिली.