अ‍ॅटॅक्सियाची जनुकीय चाचणी: पाचपैकी चार स्टार

आमचे अण्णा निवृत्त शिक्षक. चालताना झोकांड्या जायला लागल्या तसं उदगीरच्या बाजारात लोक म्हणायला लागले, "गुरुजी घ्यायला लागले वाटतं." अण्णांनी आयुष्यात थेंबाला हात लावलेला नाही. हा अ‍ॅटॅक्सिया, म्हणजे तोल आणि हालचालींवरचा ताबा जाणं. आजोबांचंही असंच झालं होतं. पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी समोर दोन बोटं धरून एकावरून दुसऱ्याकडे बघायला सांगितलं, तर बुबुळं इतकी सावकाश सरकत होती की अण्णा शेवटी मानच वळवायचे.

आधी दुसऱ्या एका लॅबने एक्झोम चाचणी (जनुकांमधला प्रथिनं बनवणारा भाग वाचणारी) गळ्यात मारली. भरपूर पैसे घेतले आणि रिपोर्ट निगेटिव्ह. एससीए, म्हणजे घराण्यात चालत येणारा अ‍ॅटॅक्सिया, त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकारांत जनुकातली सीएजी ही अक्षरं प्रमाणाबाहेर पुन्हा पुन्हा येतात, आणि साध्या एक्झोममध्ये ही वाढ बऱ्याचदा सापडत नाही. पैसे घेण्याआधी हे सांगायला नको? घरात पिढ्यान्‌पिढ्या आजार असेल तर 'रिपीट एक्सपान्शन'ची, म्हणजे ही वाढ मोजणारीच चाचणी मागा.

या लॅबच्या समुपदेशक ताईंनी पहिल्याच फोनवर विचारलं: घरात कुणाकुणाला, कितव्या वर्षी, मूळ गाव कुठलं, समाज कुठला. समाज कशाला, म्हणून अण्णा बिचकले. ताईंनी नीट सांगितलं. भारतात एससीए२ बराच आढळतो, तमिळनाडूत एससीए१ चे रुग्ण जास्त, तर एससीए१२ उत्तरेतल्या अगरवाल कुटुंबांत. तो बहुधा हाताच्या थरथरीने सुरू होतो. काही पॅनेलमध्ये (एकत्र तपासायच्या प्रकारांच्या यादीत) एससीए१२ नसतोच, तेव्हा विचारून घ्या.

रक्त उदगीरलाच काढलं, जांभळ्या झाकणाच्या नळीत, आणि कुरियरने गेलं. अण्णांना प्रवास पडला नाही. रिपोर्टमध्ये एवढंच: एटीएक्सएन२, २२/३९. म्हणजे एससीए२ च्या जनुकाच्या एका प्रतीत सीएजी २२ वेळा, दुसरीत ३९ वेळा. ३३ किंवा त्याहून जास्त असेल तर आजार धरतात. आम्हा भावंडांना प्रत्येकी ५० टक्के शक्यता. दाजींना भाच्याची चाचणी लगेच करून हवी होती. ताईंनी साफ नकार दिला: लक्षणं नसताना अल्पवयीन मुलाची करत नाही, अठरा वर्षांनंतर त्याचं तो ठरवेल. शिवाय त्याच्या आईचीच अजून झालेली नाही. हे मला फार पटलं. अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ओमाव्हेलोक्सोलोनचे मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतात. ते औषध फ्रीडरिक नावाच्या वेगळ्या अ‍ॅटॅक्सियासाठी आहे, एससीए२ साठी नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

एक स्टार कापला तो रिपोर्टनंतरच्या पोकळीसाठी. इथले फिजिओ गुडघ्याचे व्यायाम देतात, तोल सांभाळायचे कुणी शिकवत नाही. क्युबाच्या ओल्गिन प्रांतात एससीए२ चे खूप रुग्ण आहेत, तर तिथे खास याच आजारांसाठी संशोधन आणि पुनर्वसनाचं केंद्र आहे. लॅबने केंद्र उभारावं असं म्हणत नाही. पण इंग्रजी रिपोर्टसोबत मराठीत एक पान, जवळच्या न्यूरो-फिजिओंच्या नावांसह, एवढं तर जमेल?

बहिणीचं अजून ठरत नाहीये. तिला ताई म्हणाल्या, चाचणी करायची नसली तरी बोलायला फोन करा, त्याचे पैसे नाहीत.