बाळाला कापडात बांधायचं: छातीवर की कमरेवर?

धाकट्या जावेला पंचवटीच्या बाजारात लेकीला घेऊन जायचंय; कापड कसं बांधू, विचारत होती. मी दोन्ही वापरलंय.

छातीवरच्या बांधणीला साडेचार-पाच मीटर सुती कापड लागतं. पाठीवर फुली येते, भार दोन्ही खांद्यांवर सारखा, हात मोकळे. पण हात बसायला मला आठवडा लागला, आणि एप्रिलच्या उन्हात दोघीही घामानं भिजायचो. एका खांद्यावरून कमरेवर बांधायला दोन-अडीच मीटर पुरतं, काम झटपट. मात्र तासाभरात खांदा भरून येतो, आणि एक हात बाळाच्या पाठीशी ठेवावाच लागतो.

तिला म्हटलं, कशीही बांध, बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा वर हवेत, चेहरा उघडा दिसायला हवा. हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही. मध्ये दोन बोटं मावली पाहिजेत.

मान न धरलेल्या बाळाला छातीवरचीच बांधणी. तुझी आठ महिन्यांची, सारखी खाली उतरायला बघते. तिला कमरेवर घे.