तांब्याच्या पट्ट्यांचा विद्युत अपघटन संच: साहित्य चांगले, पुस्तिका कच्ची

विद्युत अपघटन, म्हणजे विजेच्या प्रवाहाने पदार्थांचे विघटन, दाखवणाऱ्या शाळकरी विद्यार्थ्यांसाठीच्या या संचात तांब्याच्या दोन पट्ट्या, ९ व्होल्ट बॅटरीची जोडणी, चंचुपात्र, मीठ आणि माहितीपुस्तिका मिळते. पट्ट्या जाड आहेत, चिमटे घट्ट बसतात आणि मिठाच्या पाण्यात प्रवाह सुरू करताच ऋणाग्रावर (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या पट्टीवर) हायड्रोजनचे बुडबुडे दिसू लागतात. साहित्याबद्दल तक्रार नाही.

पुस्तिका मात्र धनाग्रावर (धन टोकाच्या पट्टीवर) क्लोरीन निघतो आणि तळाशी बसणारा पिवळट-नारिंगी गाळ कॉपर क्लोराइडचा असतो, असे सांगून मोकळी होते. पहिले विधान ग्रॅफाइटच्या कांड्यांना लागू पडते. तांब्याच्या बाबतीत क्लोरीन सुटण्याच्या कितीतरी आधी धातूच विरघळू लागतो, कारण तांब्याचे प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन सोडण्याच्या प्रवृत्तीचे माप; ते जितके कमी तितके इलेक्ट्रॉन आधी सुटतात) ०.३४ व्होल्ट, तर क्लोरीनचे १.३६ व्होल्ट आहे. दुसरे विधान तर साध्या निरीक्षणातच कोसळते, कारण नेहमीचे कॉपर क्लोराइड, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या तांब्याचे क्युप्रिक क्लोराइड, पाण्यात सहज विरघळते आणि त्याचा गाळ बसत नाही. प्रत्यक्षात मिठातल्या क्लोराइड आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) गर्दीत धनाग्रावर आधी एकच इलेक्ट्रॉन गमावलेल्या तांब्याचे पांढरट क्युप्रस क्लोराइड तयार होते, ऋणाग्राकडून येणाऱ्या हायड्रॉक्साइड आयनांशी गाठ पडल्यावर त्याचे क्युप्रस ऑक्साइड बनते, आणि कण जितके बारीक तितका त्याचा रंग विटकरीऐवजी पिवळ्याकडे झुकतो. हवा लागून पुढे दिसणारी निळसर-हिरवी छटा क्युप्रिक हायड्रॉक्साइडची असेल किंवा बेसिक क्लोराइडची (क्लोराइड आणि हायड्रॉक्साइड दोन्ही असलेल्या संयुगाची). नुसत्या रंगावरून ते ठरवता येत नाही.

ते ठरवण्यासाठी गाळ मीठ पूर्ण निघेपर्यंत धुऊन विरल नायट्रिक आम्लात विरघळवावा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकावेत. पांढरा अवक्षेप (न विरघळणारा साका) आला, तर क्लोराइड गाळातच होते. तांबे एकसंयुजी (क्युप्रस) रूपात विरघळले की द्विसंयुजी (क्युप्रिक), हे तर सराफी वजनकाट्यावरही कळते: ०.१ अँपिअर प्रवाह अर्धा तास सोडल्यास धनाग्राचे वजन पहिल्या स्थितीत सुमारे ०.१२ ग्रॅमने घटते, दुसऱ्या स्थितीत ०.०६ ग्रॅमने. संचात हा प्रवाह मोजणारा अँमीटर नाही, ही उणीव मला पुस्तिकेतील चुकांइतकीच खटकली.

प्रयोगशाळा आणि जाणकार शिक्षक हाताशी असतील, तर संच अवश्य घ्यावा; एकट्या विद्यार्थ्याला तो भेट देण्याची शिफारस मी करणार नाही. उरलेल्या गाळाचे काय करायचे, यावर पुस्तिकेत एक ओळही नाही; तांब्याची संयुगे जलचरांना घातक असल्याने तो मोरीत न ओतता गाळून, वाळवून शाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्यावा.