स्वतःच्या जमिनीत सोने शोधण्यासाठी भाड्याने घेतलेला मेटल डिटेक्टर

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात, मेरीबरोच्या परिसरात आमची थोडी माळरानाची जमीन आहे. हा भाग 'गोल्डन ट्रँगल' म्हणून ओळखला जातो आणि इथे जमीन घेणाऱ्याच्या मनात सोन्याचा विचार डोकावला नाही तरच नवल. १८६९ साली मोलियागुल येथे जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना सत्तर किलोंहून अधिक वजनाचा 'वेलकम स्ट्रेंजर' हा सोन्याचा गोळा झाडाच्या मुळाशी, जमिनीखाली जेमतेम बोटभर खोलीवर मिळाला. १९८० मध्ये किंगोवरला मेटल डिटेक्टरच्या मदतीने सुमारे २७ किलोंचा 'हँड ऑफ फेथ' सापडला. म्हणून आम्हीही जवळच्या गावातील एका दुकानातून असा डिटेक्टर भाड्याने घेतला.

त्याआधी एक कायदेशीर बाब पूर्ण करावी लागते. जमीन आपल्या नावावर असली तरी भूगर्भातील सोने इथे शासनाचे मानले जाते, त्यामुळे स्वतःच्या कुंपणाच्या आत शोध घ्यायचा असला तरी 'मायनर्स राइट' हा परवाना लागतो. तो दहा वर्षे चालतो, फारसा महाग नाही आणि तो हाती असला की सापडलेले सोने आपले. खोदकाम मात्र केवळ हाताच्या अवजारांनीच करायचे आणि खड्डे बुजवून जमीन पूर्ववत करायची, ही अट आहे. जेसीबी लावून शेत उलथे करण्याची स्वप्ने पाहणाऱ्यांनी ती आधीच आवरलेली बरी.

दुकानदाराने दिलेले यंत्र 'पल्स इंडक्शन' प्रकारचे, म्हणजे जमिनीत चुंबकीय स्पंद सोडून धातूचा प्रतिसाद टिपणारे होते आणि ही निवड योग्यच होती. इथल्या तांबड्या मातीत लोहाचे प्रमाण इतके असते की साधा, स्वस्त डिटेक्टर मातीलाच धातू समजून अखंड कुरकुरत राहतो. या अडचणीवर अ‍ॅडलेडच्या माइनलॅब कंपनीने १९९५ मध्ये 'एसडी २०००' हे यंत्र आणून तोडगा काढला. त्यानंतर जुन्या, शोधून झालेल्या मानल्या गेलेल्या जागांवरही लोकांना पुन्हा सोने मिळू लागले. आमच्या यंत्राने मातीचा गोंगाट उत्तम रीतीने दाबला. ते जमिनीला जवळजवळ घासत, अगदी संथ गतीने फिरवले की हेडफोनमधील एकसुरी गुणगुण मधेच किंचित वर चढून उतरते; एवढाच काय तो इशारा, आणि घाई करणाऱ्याच्या तो कानावरून निघून जातो.

पुढचे काम चिकाटीचे आहे. टिकावाने माती सैल करायची, ती प्लॅस्टिकच्या सुपलीत भरायची (लोखंडी सुपली स्वतःच वाजते), सुपली कॉइलवरून (यंत्राच्या टोकाच्या, धातू टिपणाऱ्या चकतीवरून) फिरवायची, आवाज आला की निम्मी माती टाकून पुन्हा फिरवायची, असे करत शेवटी चिमूटभर माती तळहातावर उरते. आमच्या तळहातावर बहुतेक वेळा गंजलेला खिळा, तारेचा तुकडा किंवा बंदुकीचा शिशाचा छर्रा उरला, कारण सोने आणि भंगार यांत भेद करण्याच्या बाबतीत हे यंत्र फारसे भरवशाचे नाही. एकदा मात्र गारगोटीच्या कपच्यांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा खडा मिळाला. अभ्रकासारखी त्याला झगझगीत चमक नव्हती. तो मंद पिवळा होता, सावलीत धरला तरी रंग तोच, आणि आकाराच्या मानाने चांगलाच जड. त्याच्या किमतीत एका दिवसाचे भाडेही सुटले नसते, हे स्पष्टच सांगायला हवे.

दुकानाच्या सेवेबद्दल संमिश्र मत आहे. दुकानदाराने मागच्या अंगणात शिशाचे तुकडे पुरून आमच्याकडून सराव करून घेतला, हे फार उपयोगी पडले. परंतु बॅटरी जुनी होती, दुपारनंतर ती मान टाकत असे आणि जादा बॅटरी मागूनही मिळाली नाही. यंत्राचे वजनही कमी नाही. खांद्यावरचा पट्टा न लावता दिवस काढू पाहणाऱ्याचा हात संध्याकाळी वर उचलणार नाही.

उत्तम दर्जाचे नवे यंत्र हजारो डॉलरना पडते, त्यामुळे एकाच छोट्या जमिनीसाठी ते विकत घेण्यात अर्थ नाही. भाड्याचा मार्गच शहाणपणाचा. जमिनीवर दोऱ्या बांधून पट्टे आखावेत, तारेच्या कुंपणाजवळचा भाग सोडून द्यावा आणि गारगोटीचे तुकडे जिथे जास्त दिसतात तिथे अधिक वेळ द्यावा. ईस्टरच्या सुट्टीत यंत्रांना मोठी मागणी असते, म्हणून नोंदणी बरीच आधी करावी आणि त्याच वेळी दुसऱ्या बॅटरीचेही पक्के करून घ्यावे.