नानकटाई: बेकरीची भट्टी की घरचा ओटीजी?

नवरात्र उठलं की सांगली-मिरजेतल्या जुन्या बेकऱ्यांच्या दारात स्टीलच्या डब्यांची रांग लागायला सुरुवात होते. नानकटाईचं पीठ घरून आणायचं, बेकरीने ते आपल्या भट्टीत भाजून द्यायचं आणि किलोमागे मजुरी घ्यायची, अशी ही जुनी सोय. दुसरीकडे त्याच हंगामात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ओटीजीवर, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल या विजेच्या छोट्या भट्टीवर, सवलतीचे फलक लागतात. मग घरोघरी प्रश्न पडतो: डबा घेऊन रांगेत उभं राहायचं की एकदाच पैसे घालून भट्टी घरी आणायची?

दोन्हींची कामं वेगळी आहेत. दोन किलोच्या वर नानकटाई करायची असेल तर लाकडावरच्या भट्टीला तोड नाही. केक, बिस्किटं, पाव-किलो अर्धा-किलोचे प्रयोग करायचे असतील तर ओटीजी. फक्त दिवाळीच्या नानकटाईसाठी ओटीजी घेऊ नये, तो पुढच्या आश्विनापर्यंत माळ्यावर जातो.

भट्टीची खुबी विटांत आहे. लाकूड जळून विस्तव बाजूला सारला तरी तापलेल्या विटा तासन्‌तास उष्णता सोडत राहतात, आणि ती वरून, खालून, बाजूंनी सारखी येते. नानकटाईचा वरचा थर सावकाश कोरडा होतो, आतून फुगते तशी वर जाळीदार भेग पडते आणि बूड बदामी होतं. ही भेग नसली की नानकटाई बिस्किटासारखी दिसते आणि लागतेही तशीच.

पण भट्टी कधी गाठायची याला महत्त्व आहे. पावाला कडक आच लागते, नानकटाईला उतरती. पावाचा घाणा निघाल्यावर भट्टी थोडी निवते, तीच नानकटाईची वेळ. म्हणून डबा नेण्याआधी ‘पाव कधी निघतो?’ एवढं विचारून ठेवा आणि त्यानंतरचा नंबर मागा. अनुभवी कारागीर भट्टीत चिमूटभर पीठ भिरकावतो आणि ते किती वेळात तांबूस होतं यावरून आच ओळखतो. लगेच काळं पडलं तर तो थांबतो. दिवाळी चार दिवसांवर आली की मात्र थांबायला कुणाला सवड नसते, आणि बूड करपलेली, आत कच्ची नानकटाई मिळते ती त्याच दिवसांत. वसुबारसेच्या आधीचा आठवडा उत्तम. डबा घट्ट असेल तर नानकटाई तीन आठवडे सहज टिकते, त्यामुळे घाई करण्यात तोटा काहीच नाही.

भट्टीसाठीचं प्रमाण जरा आवळून घ्यावं लागतं, कारण पीठ घरून निघून भट्टीत जाईपर्यंत दोन-तीन तास जातात. एका किलोच्या आसपास माल होईल असं हे माप:

मैदा ४०० ग्रॅम, बेसन ७५ ग्रॅम, बारीक रवा २५ ग्रॅम, तूप किंवा वनस्पती ३०० ग्रॅम, पिठीसाखर ३०० ग्रॅम, खायचा सोडा पाव चमचा, मीठ चिमूटभर, वेलदोड्याची पूड एक चमचा आणि जायफळ किसून थोडं.

तूप थिजलेलं हवं, पातळ नको. परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसायची, रंग पांढरट होऊन गोळा हलका लागेपर्यंत. हाताने पंधरा मिनिटं तरी जातात. इथे कंटाळा केला तर पुढे सोडा वाढवून काही भरून निघत नाही. उलट सोडा जास्त झाला की नानकटाई पसरते, चव साबणासारखी लागते आणि पिवळे डाग दिसतात. मग मैदा, बेसन, रवा एकत्र चाळून घालायचे आणि बोटांनी नुसतं गोळा करायचं. कणकेसारखं मळलं तर मैद्याला चिवटपणा येतो आणि नानकटाई दाताला कडक लागते. तुपाऐवजी लोणी घेतलं तरी तीच गत, कारण लोण्यात पाणी असतं.

काही घरांत दही घालायची पद्धत आहे. भट्टीला न्यायच्या पिठात ते टाळा. दही आणि सोडा एकत्र आले की त्या क्षणापासून वायू सुटायला लागतो. तुमचा नंबर लागेपर्यंत तो निघून गेलेला असतो. त्याहून मोठा शत्रू ऑक्टोबरचं ऊन. कडक उन्हात स्कूटरच्या डिकीत ठेवलेल्या डब्यातलं तूप सैल पडतं आणि पत्र्यावर गोळे ठेवताच ते बसायला लागतात. साजूक तूप वनस्पतीपेक्षा लवकर पघळतं, त्यामुळे शुद्ध तुपाची नानकटाई जास्त चपटी होते. उपाय सोपा: घरून निघण्याआधी पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, डबा ओल्या पंच्यात गुंडाळून न्या आणि गोळे तिथेच वळा. पंचवीस ग्रॅमचा गोळा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा जरा लहान. वरून अंगठ्याने हलकं दाबायचं आणि दोन गोळ्यांत दोन बोटांचं अंतर सोडायचं.

आता सेवेबद्दल. काळे पत्रे बेकरीचेच असतात आणि ते चांगले तापतात, घरून नवा चकचकीत ट्रे नेऊ नये. पत्रा खरवडून, पुसून घेतलाय का ते मात्र बघा. आधीच्या खारीचा करपलेला चुरा तुमच्या नानकटाईच्या बुडाला चिकटतो. मजुरी कच्च्या पिठाच्या वजनावर की तयार मालावर, हे आधी ठरवा, काही ठिकाणी पत्र्यावर हिशेब होतो. गर्दीत पत्र्यांची अदलाबदल हा या सोयीचा खरा दोष. नावाची चिठ्ठी भट्टीत टिकत नाही. जाणत्या बायका म्हणून खूण ठेवतात: कुणी मधोमध एकच चारोळी टोचतं, कुणी दोन, कुणी चमच्याच्या कडेने एक रेघ ओढतं. नानकटाई भट्टीतून निघाली की मऊच असते. तिथल्या तिथे डब्यात भरली तर मोडते आणि वाफेने ओलसर होते. पत्र्यावरच दहा मिनिटं, मग कागदावर पसरून पूर्ण गार, मगच डबा. घाईत पत्रा रिकामा करून मागत असतील तर मोठं ताट सोबत असू द्या.

ओटीजीकडे वळू. घरासाठी २८ ते ३० लिटरचा घ्यावा. २० लिटरच्या आत केकचं डोकं वरच्या रॉडजवळ जातं आणि आतून शिजायच्या आत वरून काळं होतं. एवढ्या आकाराचे ओटीजी साधारण १५०० वॅटचे असतात, म्हणजे साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज खेचतात. मिक्सरच्या छोट्या पॉइंटवर तो चालवू नका. १६ अँपिअरचा जाड पिनेचा पॉइंट हवा. जुन्या वाड्यातल्या किंवा भाड्याच्या घरात तो स्वयंपाकघरात नसेल तर वायरमनचा खर्च किमतीत धरा. एक्स्टेंशन बोर्डवर लावला तर प्लग तापून वितळतो. मागे आणि बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडा, वर काही ठेवू नका.

आणल्या दिवशी रिकामा ओटीजी २०० अंशांवर वीस मिनिटं चालवा, खिडक्या उघड्या ठेवून. रॉडवरचं तेल जळून धूर येतो, तो दोष नव्हे. खरा दोष डायलचा. डायलवर १६० असताना आत १८० असू शकतं किंवा १४५. बहुतेक स्वस्त ओटीजींत पंधरा-वीस अंशांचा फरक सर्रास असतो. ‘रेसिपी चुकली’ म्हणून जे बोल लावले जातात त्यातले बरेच खरं तर या डायलला लावायला हवेत. जाळीवर ठेवायचा ओव्हन थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. ओटीजीसोबत ही एकच जादा वस्तू घ्या, बाकी सिलिकॉनचे साचे आणि रंगीत ब्रश दुकानातच राहू द्या. फिरत्या सळईचं म्हणजे रोटिसरीचं कौतुकही दुकानापुरतंच. पंखा असलेला मॉडेल घेतला तर तापमान पंधरा-वीस अंशांनी कमी ठेवायचं आणि दोन ट्रे एकाच वेळी लावता येतात. पंखा नसेल तर एकच ट्रे, मधल्या खाचेत. खाली दुसरा ट्रे घातला की तो खालची आच अडवतो.

वरच्याच मापाची नानकटाई ओटीजीत करताना आधी पंधरा मिनिटं तापवायचं, वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, १६० अंश, १८ ते २२ मिनिटं. बारा मिनिटांनी ट्रे फिरवा, कारण आतली मागची बाजू जास्त तापते. बूड लवकर लाल होत असेल तर ट्रेखाली दुसरा ट्रे जोडा. एका वेळी सोळा ते वीस नग बसतात, म्हणजे एका मापाचे दोन-तीन घाणे. मधल्या काळात उरलेलं पीठ फ्रिजमध्ये ठेवा. मध्येच लाईट गेली तर दार उघडू नका. बारा मिनिटं होऊन गेली असतील तर साठलेल्या आचेवर नानकटाई होऊन जाते.

चव? ओटीजीतली नानकटाई चांगली होते, पण भेग तेवढी उमलत नाही आणि लाकडाचा तो पुसटसा वास येत नाही. दहापैकी सात.

ओटीजी वसूल होतो तो गुळाच्या केकवर. इथे सांगलीकरांना आयता फायदा आहे: दिवाळीच्या सुमाराला नवा गूळ बाजारात उतरायला लागतो आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला आपला बेदाणा बारमाही हाताशी असतो. कणीक २०० ग्रॅम, चिरलेला गूळ १६० ग्रॅम, दही २०० ग्रॅम, तेल ८० मिली, दूध ८० मिली, बेकिंग पावडर एक चमचा, सोडा अर्धा चमचा, सुंठ-वेलदोडा, बेदाणे ७५ ग्रॅम. सात इंची डबा, १७० अंश, ४० ते ४५ मिनिटं. गूळ कोमट दह्यात विरघळवून गाळून घ्या. गरम दुधात घातला तर दूध फाटतं. गुळाचे खडे राहिले तर केकमध्ये काळी चिकट भोकं पडतात. नवा गूळ ओलसर असतो, त्यामुळे दूध एकदम सगळं ओतू नका; मिश्रण चमच्यावरून जाड फितीसारखं पडायला हवं.

बेदाणा हिरवा, लांबट, न चिकटणारा बघून घ्या. सोनेरी दिसतो तो गंधकाची धुरी दिलेला असतो. केकमध्ये त्याचा रंग तसाही दिसत नाही, मग जादा पैसे कशाला? कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, कपड्यावर कोरडा करून घाला. मैद्यात घोळवलं की बेदाणे तळाला जात नाहीत असं सांगतात, त्याने थोडाफारच फरक पडतो. तळाला जातात ते मिश्रण पातळ असल्यामुळे.

पाहुणे येतील तेव्हा मांडणीसाठी नवं काही घ्यायचंच असेल तर प्लास्टिकचा ‘फेस्टिव्ह’ ट्रे नको, पितळेचं एक काठाचं ताट घ्या. पेठेतल्या भांड्यांच्या दुकानांत ते वजनावर मिळतं. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा: चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा. नानकटाईसारख्या कोरड्या पदार्थाला कल्हई नसली तरी चालतं. चिवडा लिंबाचा असेल किंवा कोजागिरीचं दूध त्यात ठेवायचं असेल तर कल्हई हवीच. आणि भडंग त्याच ताटात मांडू नका. लसणाचा वास तुपाच्या पदार्थात तासाभरात शिरतो, डबेसुद्धा वेगळे हवेत. भडंगाला मातीचा किंवा काचेचा वाडगा बरा.

ओटीजी ऑनलाइन घेताय की पेठेतून, किमतीत फार अंतर राहिलेलं नाही. पैसे देण्याआधी एवढं विचारा की सर्व्हिस सेंटर सांगलीत आहे की रॉड गेल्यावर कोल्हापूर गाठावं लागेल. आणि पितळेच्या ताटाच्या बिलावर वजन लिहून घ्या. पुढे कधी मोडीत द्यायचं झालं तर भाव वजनावरच ठरतो.